डावीकडची मागची सीट

महागड्या गाड्या विकणारा माणूस उभं राहून थकत नाही, हसून थकतो. भोपाळच्या होशंगाबाद रोडवरच्या दोन शोरूममध्ये मिळून मी बरीच वर्षं हसलो. आता ती नोकरी सोडली आहे, आणि कोणी कारण विचारलं तर जबडा दुखायचा असं सांगतो. त्या वर्षांतली गिऱ्हाइकं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणाची बायको पांढऱ्या रंगावर अडली होती आणि कोणाच्या सासऱ्यांनी डिकीत झोपून पाहिलं होतं, काही आठवत नाही. एक साहेब मात्र मिसळत नाहीत. त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर चार इमलीतल्या सरकारी बंगल्यांमधले निम्मे लोक ओळखतील, आणि उरलेल्या निम्म्यांची त्यांनी कधी ना कधी बदली केलेली असेल.

मंत्रालयात बदल्यांचं खातं त्यांच्याकडे होतं. निवृत्त झाल्यावर बंगला सोडून ते अवधपुरीत स्वतः बांधलेल्या घरात राहायला गेले होते. आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते बायकोबरोबर आणि भाड्याच्या टॅक्सीतून. त्यांना बघायची होती स्पोर्ट्स सेडान, म्हणजे दिसायला बुटकी, चार दारांची आणि पायाखाली नको इतका जोर असलेली गाडी. अशी गाडी बघायला येणारा माणूस आधी स्टिअरिंगवर हात फिरवतो. साहेब गाडीच्या मागच्या डाव्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि समोर बघत राहिले. मला काही कळेना. शेवटी मॅडमनी मला डोळ्यांनी खुणावलं, तेव्हा मी दार उघडलं.

आत बसण्याआधी त्यांनी पिशवीतून एक पांढरा टर्किश टॉवेल काढला आणि सीटच्या पाठीवर नीट अंथरला. सरकारी गाडीत साहेबांच्या पाठीमागे असतो तसाच. मग ते बसले, मॅडम त्यांच्या उजवीकडे बसल्या, आणि मी चावी पुढं केली.

"सर, आप ड्राइव्ह करके देखिए."

"चलाना आपका काम है," साहेब म्हणाले. "हमारा काम बैठना है."

मी चालवली. माझ्या शेजारची सीट रिकामी, आणि मागे ती दोघं. टेस्ट ड्राइव्ह मागच्या सीटवरून घेणारं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. किंमत त्यांनी कधी विचारली नाही, मायलेजही नाही. साध्या मोठ्या गाड्या दाखवायला गेलो तर हात हलवून म्हणायचे, "वो तो सरकारी हो गई." जन्मभर हळू चालणाऱ्या पांढऱ्या गाडीत बसलो, आता पळणारी हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. पळणारी दाखवायची तर शहरात दाखवता येत नाही, बायपासपर्यंत जावं लागतं. जायला यायला चांगला तास जायचा.

पहिल्या दिवशी गाडी शाहपुऱ्याच्या पुढं गेली आणि मागे मराठी सुरू झालं.

हे तसं नेहमीचं. भोपाळातली मराठी माणसं दुकानात भाव करताना आपसात मराठी बोलतात, समोरच्याला कळत नाही अशा खात्रीनं. मीही भाजीवाल्यासमोर हेच करतो. राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा माझे आजोबा कचेरीबरोबर इकडे आले, तेव्हापासून आमच्या घरात मराठी आणि घराबाहेर हिंदी अशी वाटणी आहे. शोरूममध्ये माझ्या छातीवर नुसतं पहिलं नाव असायचं, तेही कुठल्याही प्रांतात खपेल असं. त्यामुळे साहेबांच्या दृष्टीनं मी ड्रायव्हर होतो आणि ड्रायव्हरला मराठी येत नसतं.

मग ती दोघं दर रविवारी यायला लागली. मागे बसून गाड्यांची तुलना करायची, पण यंत्राचं त्यात काही नसायचं. साहेब गाड्या आपल्या खात्यातल्या माणसांशी ताडून बघायचे आणि मॅडम नातेवाइकांशी. एकदा मी स्पोर्ट मोड लावला. इंजिन गुरगुरलं.

"हा आवाज कशाचा?" साहेबांनी हिंदीत विचारलं. मी सांगितलं.

"हा म्हणे खेळाचा आवाज," ते मराठीत बायकोला म्हणाले. "अगं, तो आपला उपसचिव आठवतो का, सही करण्याआधी घसा खाकरायचा? तसं आहे हे. सही तीच."

"मागच्या रविवारची बरी होती," मॅडम म्हणाल्या. "न बोलता जात होती. माझ्या धाकट्या जावेसारखी."

"न बोलता कुठं गेली शेवटी ती?"

"तुमच्याच भावाला घेऊन वेगळी झाली."

दुसऱ्या एका गाडीची सीट दोन्ही बाजूंनी उचललेली, अंगाला धरून ठेवणारी होती. मॅडम म्हणाल्या, "अकोल्याच्या मामी. आपण निघतो म्हटलं की पदर धरून खाली बसवायच्या." आणि मला हसू आलं. आवाज केला नाही, पण आरशात माझं तोंड दिसत असणार. मॅडमची नजर आरशात होती.

परत आल्यावर साहेब हात धुवायला गेले तेव्हा त्या माझ्या टेबलाशी आल्या. "हसलास तू," त्या मराठीत म्हणाल्या. "कुठला रे?"

"इथलाच, काकू. मूळचे नागपूरचे."

त्यांनी साहेब गेले होते त्या दिशेला एकदा बघितलं. "यांना सांगू नकोस. बोलताहेत तोवर बोलू दे."

मग थोडं थोडं करून, साहेब हात धुवायला जातील तेव्हा, किंवा कॉफीत साखर कमी आहे म्हणून आमच्या मॅनेजरला समज देत असतील तेव्हा, काकूंनी मला सगळं सांगितलं. चार इमलीच्या बंगल्यावर सकाळी दूधवाल्याच्या आधी बदलीवाले यायचे. दिवाणखान्यात ते, व्हरांड्यात ते, बागेत गुलाबाचं कौतुक करत उभे तेच. घरात नवराबायकोनं दोन शब्द बोलावेत अशी जागाच नव्हती. जागा होती ती फक्त सरकारी गाडीची मागची सीट. लग्नाला, मुंजीला, कोणाच्या तेराव्याला जाताना पुढं बुंदेलखंडातला ड्रायव्हर आणि मागे ही दोघं मराठीत. त्यांचा सगळा संसार तिथंच बोलून झाला. निवृत्तीबरोबर गाडी गेली, आणि साहेबांचं बोलणंही गेलं. घरी आता बदलीवाले नव्हते, निवांतपणा होता, तर साहेब पेपर वाचायचे आणि जेवताना 'वाढ' आणि 'पुरे' एवढंच म्हणायचे.

"मग घरची गाडी नाही का?" मी विचारलं.

"आहे ना, लहान. ड्रायव्हरही ठेवला होता. त्यात बसले की हे नुसते रस्ता बघतात. खड्डा आला, हळू, उजवीकडे घे, घासशील. आपल्या गाडीत यांचा जीव गाडीत असतो. दुसऱ्याची असली की निवांत होतात आणि तोंड उघडतं." काकूंनी कप खाली ठेवला. "म्हणून या गाड्या. अशा गाडीची चक्कर लांब असते."

तेव्हा मला समजलं की जिला मी गिऱ्हाइकाची बायको समजत होतो तीच खरी गिऱ्हाईक आहे, आणि तिला जे हवं आहे ते आमच्याकडे विकायला नाही. गाडी पसंत पडता कामा नये, हे तिचं काम. ते ती मन लावून करायची. ही बुटकी आहे, हिचा रंग पोलिसांसारखा, हिच्या दारात हात अडकतो. साहेब प्रत्येक आक्षेप गंभीरपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "पुनर्विचार करू."

मी मधे दुसऱ्या शोरूममध्ये गेलो. पगार थोडा जास्त होता, हसणं तेवढंच. पंधरवड्यात ती दोघं तिथंही हजर, टॉवेलसकट. साहेबांनी मला ओळखल्याचं काही दाखवलं नाही. ड्रायव्हर बदलून येतात, त्याचं त्यांना काय. नवा मॅनेजर अस्सल भोपाळी होता. दोन-तीन रविवार त्यानं बघितलं आणि मला कोपऱ्यात घेतलं. "खां, ये साहब गाडी लेंगे कि बस हवा खाएंगे?" मी म्हटलं, मोठे अधिकारी आहेत, वेळ घेतात. खोटं नव्हतं ते. मी फार थकलेलो असायचो त्या दिवसांत. घरी गेल्यावर माझी बायको काही विचारायची आणि मी मान हलवायचो. त्या चकरांमध्ये मात्र मला हसावं लागत नसे, पाठ करून बसायचं असे. खरं सांगायचं तर मीही रविवारची वाट बघत होतो.

एका रविवारी आमच्याकडे सगळ्यात जोरदार गाडी आली होती. बायपासवर रस्ता मोकळा होता. मी पाय दाबला, आणि गाडी अशी सुटली की काकूंनी पर्स छातीशी धरली. मग साहेब म्हणाले, "तुझे वडील गेले तेव्हा अशी गाडी असती तर अमरावतीला वेळेत पोचलो असतो."

काकू बाहेर बघत होत्या. "गाडी होतीच की. ड्रायव्हर होता. मी गेले ना त्याच गाडीतून. तुम्ही नव्हता."

मी आरशात बघितलं नाही. रस्त्यावर डोळे ठेवले. बदल्यांचा मोसम होता, असं काहीतरी साहेब म्हणतील असं मला वाटलं.

"हो," साहेब म्हणाले. "मी यायला हवं होतं."

बस, इतकंच. मग ते म्हणाले की या गाडीत ए.सी. जास्त आहे. शोरूमला आल्यावर साहेब टॉवेलाची घडी घालत होते तेव्हा काकू माझ्याजवळून जाताना थांबल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "त्या एका 'हो'साठी मी म्हातारी झाले रे," त्या म्हणाल्या. "अजून पुष्कळ आहे यांच्या आत. अजून गाड्या आहेत ना तुमच्याकडे?"

मी म्हटलं, आहेत, काकू.

पण पुढच्या आठवड्यात साहेब एकटेच आले. टॅक्सीतून उतरले, सरळ माझ्या टेबलासमोर बसले, आणि ती जोरदार गाडी घ्यायची आहे म्हणाले. "मॅडम को बताना नहीं. सरप्राइज है." त्यांच्या तोंडून तो शब्द नव्या चपलेसारखा चावत बाहेर आला. मग जरा थांबून, कधी नव्हे ते, त्यांनी मला कारण सांगितलं. बायको गाडीत बसली की खुलते, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. घरी ती गप्प गप्प असते. आयुष्यभर तिला काही दिलं नाही, आता हे द्यायचं.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. तो माणूस चुकला नव्हता. जे दिसलं ते त्यानं नीट बघितलं होतं, आणि त्यावर सगळ्यात उलटा निर्णय घेतला होता. मी माझ्या परीनं अडवायचा प्रयत्न केला. म्हटलं, सर, जल्दी क्या है, नया मॉडल आनेवाला है. म्हटलं, सामनेवाले शोरूम में भी एक बार देख लीजिए. हे ऐकून आमचा मॅनेजर शेजारच्या टेबलावरून उठून आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. मॅडमना सीट आवडली नव्हती, असंही मी बोलून गेलो.

"वो तो हर चीज में नुक्स निकालती हैं," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पहिल्यांदाच बघत होतो. लाड होता तो, सरळ लाड. मी बुकिंगचा फॉर्म पुढं ओढला.

गाडी द्यायच्या दिवशी आम्ही नेहमीसारखी तिच्यावर लाल कापड घातलं, फुगे लावले, केक आणला. साहेबांनी काकूंना नेहमीची चक्कर आहे असं सांगून आणलं होतं. कापड ओढलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी गाडीकडे बघितलं, मग साहेबांकडे, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. त्या हसल्या, केक कापला, साहेबांना घास भरवला, फोटो काढून घेतला. इतकं चांगलं हसणं मला माझ्या नोकरीत कधी जमलं नाही. साहेब सारखे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, खूष आहेस ना, असं.

ड्रायव्हर अजून मिळायचा होता, म्हणून गाडी घरी सोडायला मी निघालो. सीटवरचं प्लास्टिक साहेबांनी काढू दिलं नाही. टॉवेल पिशवीतच राहिला.

"धीरे," शोरूमच्या उतारावरच ते म्हणाले. मग साकेत नगरपर्यंत ते रस्ता बघत होते. आगे ब्रेकर है. वो ऑटोवाले से दूर. बायें से मत निकालो. पुढच्या सीटची पाठ त्यांनी हातानं धरली होती. काकू मधे एकदा म्हणाल्या, "अहो, ही मोठ्या नणंदेसारखी आहे की नाही, बघा."

"थांब, गाय आहे," साहेब म्हणाले.

थोड्या वेळानं काकू पुन्हा म्हणाल्या, अगदी हळू, "ही आपली नाहीच असं समजा ना. शोरूमचीच आहे."

"असं कसं समजू? आपली आहे," साहेब म्हणाले, आणि प्रेमानं म्हणाले. त्या 'आपली'त काकूंसाठी काय काय होतं ते मला कळत होतं, आणि काकूंनाही कळत असणार. त्या मागे टेकल्या. प्लास्टिक कुरकुरलं. इतका थकलेला चेहरा मी आरशात क्वचितच बघितला आहे, आणि माझा स्वतःचा मी त्यात रोज बघायचो.

कारखान्याच्या वसाहतीतून जाणारा झाडीचा रस्ता लागला तेव्हा त्या सरळ बसल्या. "थांबव रे जरा गाडी," त्या मला मराठीत म्हणाल्या, मोठ्यानं.

मी थांबवली. त्या उतरल्या, पुढं आल्या, आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या. "चल आता."

"हो, काकू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

गाडी जरा पुढं गेल्यावर साहेबांचा आवाज आला. "तुम्ही मराठी?"

"हो, सर."

"पहिल्यापासून?"

"हो, सर."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. उपसचिव, धाकटी भावजय, अमरावती, माझ्या पाठीमागे उघडलेली एकेक फाइल त्यांना आठवत असावी. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस घरातही बोलणार नाही आणि गाडीतही नाही. काकूंनी हे मुद्दाम केलं की कंटाळून केलं, मला समजेना.

काकू माझ्याकडे वळून बोलायला लागल्या, घरी पाहुणा आल्यावर बोलतात तशा. "तुला सांगते, लग्नानंतर आमची पहिली नेमणूक बैतूलला. हे नवे डिप्टी कलेक्टर. ड्रायव्हर रजेवर होता, आणि यांनी मला जीप शिकवायला घेतली. कलेक्टरच्या बंगल्याच्या आवारातच. मी कसली शिकते. ब्रेक समजून भलतंच दाबलं आणि जीप थेट कोंबड्यांच्या खुराड्यात. सगळीकडे पिसं. तेव्हापासून मी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही."

मी हसलो, खरंखुरं. त्या पुढं सांगायला लागल्या की कलेक्टरच्या बायकोनं तोंड कसं केलं होतं.

"बदकं," मागून आवाज आला.

काकूंनी मान वळवली नाही. "काय?"

"कोंबड्या नव्हत्या. बदकं होती."

"असतील. तर मी जीपमधून उतरले आणि..."

"तू चालवत नव्हतीस," साहेब म्हणाले.

अवधपुरीची वळणं सुरू झाली होती. मी वेग कमी केला. साहेब पुढं वाकले, दोन सीटच्या मधे त्यांचं डोकं आलं. बोलत होते ते माझ्याशी, तिच्याशी नाही. "जीप मी चालवत होतो. ही शेजारी बसली होती. थांबवा, थांबवा, म्हणत होती. मला हिला दाखवायचं होतं मला येतं म्हणून. कलेक्टर बाहेर आले, तर मी म्हटलं, सर, मिसेस शिकत होत्या."

काकू समोर बघत होत्या. एक स्पीडब्रेकर आला आणि मी तो जरा जोरात घेतला. साहेब त्यावर काही म्हणाले नाहीत.

"ही काही बोलली नाही तेव्हा. तिथंच उभी होती पिसांमध्ये. मला वाटलं, घरी गेल्यावर बोलेल. घरीही बोलली नाही. मग लोकांना सांगताना हीच म्हणायला लागली, मी घातली जीप. इतक्या वेळा म्हणाली की मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

घर आलं. मी गाडी फाटकासमोर लावली आणि बंद केली. माझा फोन खिशात थरथरत होता, मॅनेजरचाच असणार. पुढची गाडी त्याच दुपारी द्यायची होती. मी फोन काढला नाही.

"बैतूलला होतो तोवर क्लबात बायका हिला विचारायच्या, तुमची बदकं काय म्हणतात. चारचौघांत. मी बाजूलाच असायचो." साहेब थांबले. "मीही हसायचो त्यांच्याबरोबर."

गाडीत ए.सी. बंद झाल्यामुळे गरम व्हायला लागलं होतं. साहेबांचा हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथंच राहिला. दार उघडायला मी उतरणार होतो, पण काकूंनी माझ्या बाहीला नुसतं बोट लावलं, आणि मी बसून राहिलो.

"उतरायचं ना?" साहेबांनी विचारलं. आता ते तिला विचारत होते.

काकूंनी पर्स मांडीवर सारखी केली आणि सीटला टेकल्या.

"तुमचं सगळं सांगून होऊ द्या," त्या म्हणाल्या. "मला कुठं घाई आहे."